साकुराजिमाचा शिलालेख आणि राखेची पिवळी पिशवी

१/ जपानच्या दक्षिण भागात, कागोशिमाच्या उपसागरात, साकुराजिमा नावाचा जागता ज्वालामुखी आहे. त्याच्या पायथ्याशी हिगाशी-साकुराजिमा, म्हणजे पूर्व साकुराजिमा, येथील प्राथमिक शाळेच्या आवारात १९२४ साली गावाने उभारलेला एक दगड आहे. रहिवाशांनी सिद्धान्तावर विसंबून राहू नये, असा त्यावरील एका वाक्याचा आशय. खुद्द जपानातही त्याला ‘विज्ञानावरील अविश्वासाचा दगड’ म्हणतात. हल्ली त्याचे छायाचित्र आपल्याकडील समूहांवरही फिरते आणि खाली हमखास कोणीतरी लिहितो, ‘पाहा, जपान्यांनाही अखेर कळले!’

काय कळले, हे मात्र कोणी सांगत नाही. शिलालेख अर्धाच वाचला की असे होते. आजचा धागा उरलेल्या अर्ध्यासाठी.

२/ आधी राखेविषयी, कारण मराठीतला हा शब्दच आपल्याला चकवतो. आपली राख चुलीतली. हलकी, मऊ, फुंकरीने उडणारी. भांडी घासायला कामी येणारी, अंगारा म्हणून कपाळी लागणारी. ज्वालामुखीची राख कशाच्याही जळण्यातून उरलेली नसते. ती खडकाची आणि नैसर्गिक काचेची पूड असते. दोन मिलिमीटरपेक्षा लहान प्रत्येक कणाला शास्त्रज्ञ राख म्हणतात. या कणांना धारदार कडा असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत. उलट पाणी धरून ठेवतात आणि जड होतात. दहा सेंटिमीटर जाडीचा भिजलेला थर एका चौरस मीटरवर साधारण दीडशे किलो भार टाकतो. दोनशे चौरस फुटांच्या खोलीवर हा भार पावणेतीन टनांच्या आसपास जातो. पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराने तो पेलावा अशी अपेक्षा कोणत्याही गवंड्याने केलेली नसते.

ओली राख वीजही वाहून नेते, त्यामुळे खांबांवरील चिनी मातीच्या दट्ट्यांवर ती साचली की वीजपुरवठा तुटतो. गटारात गेली की सिमेंटसारखी घट्ट बसते. लाव्हा पाहायला लोक कॅमेरे घेऊन जातात. राखेच्या वाट्याला झाडू येतो.

३/ आकाशातील राखेची गोष्ट आपल्याला थोडी जवळची आहे. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचे लंडनहून निघालेले जंबो जेट मुंबई, मद्रास, क्वालालंपूर असे थांबे घेत रात्री पर्थकडे चालले होते. जावा बेटाजवळ ते गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले. राख कोरडी होती, म्हणून हवामानाच्या रडारवर काहीच दिसले नाही. चारही इंजिने बंद पडली, कारण काचेची पूड इंजिनाच्या उष्णतेत वितळून आत चिकटली होती. २६३ माणसांना घेऊन विमान ३७ हजार फुटांवरून नुसते तरंगत खाली आले. राखेच्या बाहेर पडल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि जवळजवळ अपारदर्शक झालेल्या काचेतून पाहत कॅप्टन एरिक मूडी यांनी ते जकार्ताला उतरवले. जगभरच्या राखेवर पाळत ठेवणारी नऊ केंद्रे आज आहेत. त्यांची व्यवस्था या आणि अशा प्रसंगांनंतर १९९० च्या दशकात उभी राहिली.

४/ नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियाच्या अफार भागातील हायली गुब्बीचा उद्रेक झाला आणि त्याची राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र, दिल्लीच्या आकाशातून गेली. काही उड्डाणे रद्द झाली, विमानांची तपासणी झाली, दुसऱ्या दिवशी ढग चीनकडे सरकला. जमिनीवर आपल्याला काही जाणवले नाही. हे इतक्या शांतपणे पार पडले, याचे श्रेय १९८२ नंतरच्या त्या कंटाळवाण्या, कागदी कामाला आहे. इतिहासाच्या पुस्तकांत अशा कामाला ओळसुद्धा मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार.

असो. साकुराजिमाकडे वळू.

५/ जानेवारी १९१४. साकुराजिमा तेव्हा बेट होते आणि त्यावर एकवीस हजारांच्या आसपास माणसे राहत होती. मुळा, संत्री, मासेमारी असा संसार. यापूर्वीचा मोठा उद्रेक १७७९ चा. त्यात सुमारे दीडशे माणसे गेली होती. १९१४ मध्ये तो प्रत्यक्ष पाहिलेले कोणी हयात असणे शक्य नव्हते. पण आजीने नातवाला सांगितलेले असे काहीतरी गावात शिल्लक होते: विहिरीचे पाणी उकळू लागले, समुद्राचा रंग बदलला, की निघावे.

१० तारखेपासून जमीन हादरू लागली. विहिरींच्या पाण्यात बदल दिसू लागला, किनाऱ्याजवळ मेलेले मासे तरंगताना दिसले. ११ तारखेला धक्के इतके वाढले की अनेक वस्त्यांनी कोणाची वाट न पाहता होड्या सोडल्या. गावोगावच्या तरुण मंडळींनी म्हातारी माणसे आणि बायका-मुले आधी पलीकडे पोचवली.

६/ हिगाशी-साकुराजिमाच्या गावप्रमुखाने मात्र, जबाबदार अधिकाऱ्याने करावे तेच केले. त्याने कागोशिमाच्या वेधशाळेकडे विचारणा केली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. उत्तर आले की धक्क्यांचे केंद्र साकुराजिमा नाही, उद्रेकाची भीती नाही, घरे सोडण्याचे कारण नाही. त्याने ते गावाला सांगितले. ज्यांचा अधिकाऱ्यांवर, शिक्षणावर, नव्या काळावर विश्वास होता, ते थांबले.

१२ जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास डोंगराची पश्चिम बाजू फुटली. दहाएक मिनिटांत दुसरी बाजू. मागे राहिलेल्यांना होड्या उरल्या नव्हत्या. हिवाळ्याच्या थंड पाण्यात पोहून जाण्याच्या प्रयत्नात काही बुडाले. त्याच संध्याकाळी सातच्या मापनाचा भूकंप झाला आणि त्यात समोरच्या कागोशिमा शहरातील भिंती-घरे कोसळली. त्सुनामी येणार, विषारी वायू येणार, अशा अफवांनी शहरही रिकामे होऊ लागले. मृत व बेपत्ता मिळून एकूण ५८. त्यांतील निम्मे भूकंपाचे बळी.

७/ हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. विसाव्या शतकातील जपानचा हा सर्वांत मोठा उद्रेक. एकवीस हजारांच्या बेटावर इतकी कमी माणसे दगावली याचे कारण बहुसंख्य लोक वेळेवर निघाले. आणि जी गेली त्यांतील काही जणांना वेधशाळेने थांबायला सांगितले होते. दगड उभारणाऱ्यांच्या मनात पहिल्या वस्तुस्थितीचे समाधान नव्हते. दुसरीची टोचणी होती. ज्या गावप्रमुखाने निरोप पोचवला तो वाचला, आणि गावाला थांबवल्याचे ओझे आयुष्यभर वाहत राहिला. उद्रेकाची आठवण दगडावर कोरली जावी ही त्याची इच्छा होती. ती त्याच्या पश्चात, दहाव्या वर्षी, पुरी झाली.

८/ वेधशाळा खोटे बोलली होती का? नाही. तिच्याजवळ एक जुनाट भूकंपमापक होता आणि एका जागच्या एका यंत्रावरून केंद्र ठरवणे म्हणजे एका कानाने आवाजाची दिशा ठरवण्यासारखे होते. उद्रेकानंतर तोक्योहून ओमोरी फुसाकिची हे त्या काळातील मान्यवर भूकंपशास्त्रज्ञ उपकरणे घेऊन आले आणि आधुनिक यंत्रांनी बारकाईने अभ्यासल्या गेलेल्या पहिल्या उद्रेकांत साकुराजिमाची नोंद झाली. विज्ञान आले, पण उद्रेकानंतर.

माझ्या मते वेधशाळेची चूक अंदाज चुकण्यात नव्हती. ‘आमच्याजवळील साधनांवरून निश्चित सांगता येत नाही’ हे एक वाक्य तिला उच्चारता आले नाही, ही ती चूक. विचारणाऱ्याला हो किंवा नाही हवे असते, उत्तर देणाऱ्याच्या हुद्द्यालाही हो किंवा नाही शोभते, आणि मधल्या जागेत माणसे मरतात.

९/ आता शिलालेख पुढे वाचा. सिद्धान्तावर विसंबू नका, याच्या लगेच पुढे आशय असा येतो की, काही विपरीत घडताना दिसले तर उद्रेकाआधीच निघण्याची तयारी करणे सर्वांत महत्त्वाचे. आणि त्यापुढे, जे छायाचित्राखाली कोणीही लिहीत नाही: एरवीच्या दिवसांत काटकसरीने राहावे, कष्टाने चार पैसे गाठीस बांधावेत, म्हणजे संकट केव्हाही आले तरी वाटेवर दिङ्मूढ होऊन उभे राहावे लागणार नाही.

मला हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा खरेतर निराशाच झाली होती. एवढ्या भीषण अनुभवानंतर गावाने कोरून काय ठेवले, तर बचत करा! एखाद्या पतपेढीच्या भिंतीवरचे सुभाषित वाटावे असे. नंतर १९१४ पुढची हकीकत वाचत गेले तेव्हा ते वाक्य कोणी लिहिले हे समजले. ते पळून गेलेल्यांनी लिहिले आहे. पळाल्यावर काय होते हे त्यांना ठाऊक होते.

१०/ कारण राख थांबल्यावर खरी गोष्ट सुरू झाली. लाव्हाने पूर्वेकडील सामुद्रधुनी बुजवली आणि जानेवारी संपता संपता बेट ओसुमी द्वीपकल्पाला जोडले गेले. नकाशे बदलावे लागले. वारा पूर्वेकडे होता, म्हणून राख शहराऐवजी ओसुमीच्या बाजूला पडली. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कुरोकामी गावात देवळाचे तीन मीटर उंच दगडी तोरण एका दिवसात वरच्या आडव्या दगडांपर्यंत गाडले गेले. शेते गेली. ओसुमीच्या डोंगरांवर साचलेली राख पुढील अनेक पावसाळ्यांत नद्यांतून चिखल होऊन उतरत राहिली, आणि उद्रेकाच्या दिवशी ज्यांचे काही बिघडले नव्हते अशा गावांची शेते तिने नंतर बुडवली. हजारो बेटवासीयांना दुसरीकडे, कोणाला ओसुमीच्या रानात, कोणाला तानेगाशिमा बेटावर, जमीन तोडून नव्याने संसार मांडावा लागला.

जवळ चार पैसे असलेल्याला वाट निवडता आली. नसलेल्याला जिथे नेले तिथे जावे लागले. शिलालेखातील ‘वाट’ ही नुसती होडीपर्यंतची नाही.

११/ कुरोकामीच्या तोरणाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गावकरी ते उकरून काढायला निघाले, तेव्हा गावप्रमुखाने त्यांना थांबवले; पुढच्या पिढ्यांना राख किती पडली ते कळावे म्हणून तसेच राहू द्या, म्हणाला. आज जमिनीवर त्याचा मीटरभर माथा दिसतो. शाळकरी मुले त्याच्याशेजारी उभी राहतात आणि पायाखाली दोन मीटर काय आहे हे त्यांना सांगावे लागत नाही. न उकरता राखलेले इतके बोलके पुरातत्त्वीय साधन मला दुसरे आठवत नाही.

१२/ विज्ञानावर अविश्वास, हाच धडा घ्यायचा असेल तर त्याची किंमतही पाहून घ्यावी. १९८५, कोलंबिया. नेवादो देल रुईझ हा बर्फाच्छादित ज्वालामुखी वर्षभर धुमसत होता. ऑक्टोबरमध्ये शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा प्रसिद्ध केला आणि आर्मेरो हे गाव त्या नकाशात चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर दाखवले होते. १३ नोव्हेंबरला दुपारनंतर आर्मेरोवर राख पडू लागली. स्थानिक रेडिओवरून, चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून शांत राहण्याचे आवाहन झाले. रात्री नऊच्या सुमारास मोठा उद्रेक झाला, बर्फ वितळले, आणि चिखलाचा लोंढा गावात पोचायला जवळजवळ अडीच तास लागले. अडीच तास! चालत उंचवट्यावर जायला पुरेसे. सुमारे तेवीस हजार माणसे मेली.

येथे सिद्धान्त बरोबर होता. त्याच्यावर कोणी विसंबले नाही.

१३/ साकुराजिमा आणि आर्मेरो एकमेकांच्या उलट आहेत असे आपण पटकन म्हणतो. मला ते एकच वाटतात. दोन्हीकडे ‘शांत राहा, घरी थांबा’ हाच निरोप लोकांपर्यंत गेला. दोन्हीकडे डोळ्यांना दिसणारी खूण होती: एकीकडे मेलेले मासे, दुसरीकडे अंगणात पडणारी राख. आणि दोन्हीकडे उद्रेक होईल की नाही या एकाच प्रश्नावर सगळे अडून राहिले. ‘झालाच तर आपण कुठे, कशाने, कोणाला घेऊन जाणार’ हा प्रश्न उद्रेकाच्या भाकितावर अवलंबून नसतो. तो कोणत्याही रिकाम्या मंगळवारी सोडवून ठेवता येतो.

१४/ तिसरे उदाहरण जमेचे, तरी पुरते नाही. फिलिपाइन्समधील पिनातुबो, १९९१. पाचशे वर्षे निजलेला डोंगर. आजूबाजूच्या अनेकांना तो ज्वालामुखी आहे हेही माहीत नव्हते. रेमुंदो पुनोंगबायान यांच्या नेतृत्वाखाली तेथील ज्वालामुखी संस्थेने अमेरिकी शास्त्रज्ञांच्या साथीने पाच पायऱ्यांची इशारा-पद्धत आखली. हो-नाही ऐवजी पायऱ्या. मला हा शोध भूकंपमापकाइतकाच मोलाचा वाटतो. लोकांना पटवण्यासाठी मॉरिस आणि कातिया क्राफ्त या फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ दांपत्याने चित्रित केलेली दृश्ये गावोगाव दाखवली गेली. ते दोघे ३ जूनला जपानमध्येच, उन्झेनच्या तप्त राखलोटात मरण पावले. बाराच दिवसांनी, १५ जूनला, पिनातुबो फुटला. तोवर हजारो माणसे हलवली गेली होती. त्यामुळे निदान पाच हजार जीव वाचले, असा अंदाज आहे.

१५/ पण नकाशावर काढलेले वर्तुळ राखेला ठाऊक नसते. १० किलोमीटर, मग २०, मग ३०, मग ४०, असे ते वर्तुळ वाढत गेले. ते मुख्यतः तप्त लोटांसाठी होते आणि त्या कामी ते उपयोगी पडले. नेमक्या त्याच दिवशी युन्या नावाचे चक्रीवादळ जवळून गेले आणि राख पावसात भिजून पडली. वर्तुळाबाहेरची, सुरक्षित ठरवलेली छपरे खाली आली. सुमारे तीनशे माणसे छपरांखाली मेली. त्याहून अधिक नंतरच्या महिन्यांत छावण्यांत, गोवरासारख्या रोगांनी. त्यांत डोंगरावरून खाली आणलेले आएता आदिवासी फार होते.

शास्त्र, इशारा, स्थलांतर हे सगळे जमले तरी छपराची तुळई आणि छावणीतली लस हिशेबातून सुटली, की यादी वाढते.

१६/ आता आजचे कागोशिमा. साकुराजिमाचा सध्याचा स्फोटक काळ १९५५ पासून सुरू आहे. उपसागरापलीकडे जवळजवळ सहा लाख वस्तीचे शहर, मध्ये पंधरा मिनिटांची फेरी बोट. उन्हाळ्यात वारा फिरला की राख शहरावर येते. स्थानिक हवामानवृत्तात पाऊस आणि तापमानाबरोबर डोंगरावरील वाऱ्याची दिशाही सांगतात, कारण धुणे बाहेर वाळत घालायचे की नाही ते त्यावर ठरते. जपानच्या हवामान खात्याने २००८ पासून राखेचा अंदाज देणे सुरू केले आणि २०१५ पासून त्यात प्रमाणही सांगितले जाते: दशांश मिलिमीटरपेक्षा कमी, एक मिलिमीटरपर्यंत, त्याहून अधिक.

१७/ आणि पिशवी. नगरपालिका घरोघरी जाड प्लास्टिकच्या पिवळ्या पिशव्या देते. अंगणातील, गच्चीवरील राख झाडून त्यांत भरायची आणि गल्लीतील ठरलेल्या जागी नेऊन ठेवायची; पालिकेची गाडी ती उचलते. रस्त्यांसाठी झाडणारी आणि पाणी शिंपडणारी वाहने वेगळी. पाऊस पडण्याआधी झाडायचे, पाण्याने गटारात लोटायचे नाही, गाडीची काच कोरडी पुसायची नाही, नाहीतर चरे पडतात. हे तेथे कोणाला शिकवावे लागत नाही. या पिशवीचे पूर्वीचे नाव ‘पडणाऱ्या राखेची पिशवी’ अशा अर्थाचे होते. ते बदलून ‘राखेवर मात करण्याची पिशवी’ अशा अर्थाचे केले. सरकारी नामांतरांवर माझा सहसा विश्वास नसतो, पण हे आवडले.

बेटावर शाळेत जाणाऱ्या मुलांच्या डोक्यावर पिवळे हेल्मेट असते, रस्त्याकडेला काँक्रीटचे आडोसे असतात, आणि कबरींवर छपरे. पूर्वजांवर राख साचू नये म्हणून.

१८/ येथे आपल्याकडचे वाचक एक उसासा टाकतात: ‘जपानी शिस्त!’ माझी विनंती आहे की या शब्दाला निदान या धाग्यात रजा द्यावी. शिस्त रक्तातून येत असती तर १९१४ मध्ये अफवांनी शहर रिकामे झाले नसते. पिशवीमागे रक्त नाही, कायदा आहे. १९७२ नंतर साकुराजिमाचे स्फोट वाढले, शेतकरी आणि शहरवासी दोघेही त्रासले, आणि १९७३ मध्ये जागत्या ज्वालामुखींच्या परिसरासाठी विशेष कायदा झाला. आडोसे, धक्के, शेतीची भरपाई यांसाठी निधी त्यातून आला. १९७८ च्या दुरुस्तीने राख उचलण्याचा खर्चही सार्वजनिक जबाबदारीत आला. म्हणजे अंगणातील राख हा त्या घराचा वैयक्तिक दुर्दैवाचा प्रश्न न राहता अंदाजपत्रकातील एक शीर्षक झाली.

शिलालेखाने जे प्रत्येक कुटुंबाला सांगितले, एरवीच्या दिवसांत गाठीस बांधून ठेवा, ते पन्नास वर्षांनी शासनाने स्वतःला लागू केले. पिवळी पिशवी मला त्या दगडाची थेट वंशज वाटते. या दुव्याचा लेखी पुरावा माझ्याजवळ नाही, हे माझे वाचन आहे. परीक्षेत लिहिले तर परीक्षक लाल शाईने ‘आधार?’ असे विचारतील, आणि ते योग्यच होईल.

१९/ विज्ञानाचे काय झाले? दगड तेथेच आहे आणि त्याच डोंगरावर १९६० पासून क्योतो विद्यापीठाचे संशोधन केंद्रही आहे. डोंगरातील बोगद्यांत बसवलेली उपकरणे त्याच्या पोटाचा सूक्ष्म फुगवटा मोजतात. १९१४ मध्ये विहिरीच्या पाण्यावरून जे ताडले, ते आता कलमापकावरून. २४ जुलै २०२२ रोजी रात्री इशारा सर्वोच्च पाचव्या पायरीवर नेला गेला आणि जवळच्या वस्त्यांतील पन्नासएक माणसांना हलवण्यात आले. मोठे काही झाले नाही. तीन दिवसांत पायरी खाली आली. ‘उगाच धावाधाव केली’ असे म्हणणारे तेथेही असतील. पण शंभर वर्षांपूर्वी याच बेटावर उलट चूक झाली होती, हे ज्या शाळेच्या आवारात कोरलेले आहे तेथील माणसे असे म्हणताना थोडी तरी अडखळत असावीत.

२०/ माझी शंका दुसरीकडे आहे. रोज थोडी राख झाडणारा माणूस एक दिवस मीटरभर राखेला तोंड देऊ शकेल, असे नाही. सवय हे तयारीचे सोंग उत्तम वठवते. १९१४ मध्ये बाहेर पडलेल्या शिलारसाची जागा डोंगराखाली पुन्हा भरत आली आहे, असे अभ्यासक सांगतात. आणि त्या वेळी ओसुमीकडे असलेला वारा पुढच्या वेळी शहराकडे असणार नाही, याची हमी नाही. तसे झाले तर रस्ते बंद, पाणी बंद, वीज बंद, आणि पिवळ्या पिशवीची गोष्ट तेथे संपते. शहराने यासाठी वेगळी योजना केली आहे, त्यात मीटरभर राख गृहीत धरली आहे, आणि लोकांनी उद्रेकाआधीच शहर सोडणे हा तिचा गाभा आहे. पुन्हा तोच, दगडावरचा मधला भाग: आधीच निघण्याची तयारी.

दर वर्षी बेटावर सराव होतो. बोटी येतात, माणसे घरातून निघून धक्क्यावर जातात, मोजली जातात, आणि परत घरी येतात.

२१/ पुढचा धागा घरचा. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तेथेच प्राचीन मानवाची दगडी हत्यारेही मिळाली आहेत. राख दूर सुमात्राच्या तोबा ज्वालामुखीची, सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची, की तिच्याहून कितीतरी लाख वर्षे जुनी, यावर अभ्यासकांत खडाजंगी झाली आहे, आणि त्या वादात दोन्ही बाजूंनी डेक्कन कॉलेजच्या परिसरात घडलेली माणसे आहेत. हत्यारांचे वय राखेच्या वयावर टांगलेले आहे. कोणी बोरीला जाऊन आले असल्यास तेथील छायाचित्रे खाली जरूर टाका. मला त्या थराची जाडी हाताच्या मापाने पाहायची आहे.